दार उघडायचं की नाही?

काही चित्रपट पाहून झाले की माणसं गप्प होतात आणि काही पाहून झाले की भांडायला लागतात. रिडली स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेला 'एलियन' हा अंतराळातला भयपट दुसऱ्या प्रकारातला. तो आला १९७९ साली. इतकी वर्षं उलटली, त्याचे पुढचे-मागचे किती तरी भाग निघाले, पण या पहिल्या चित्रपटावरचे वाद काही संपलेले नाहीत. आमच्या घरात तीन पिढ्यांनी तो पाहिला आहे आणि तिन्ही पिढ्यांची मतं वेगवेगळी आहेत. सकाळी फिरायला येणाऱ्या माझ्या निवृत्त मित्रांपैकी दोघांनी तो मुलांच्या आग्रहाने पाहिला, त्यांचीही मतं जुळत नाहीत.

मी आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. अंतराळयानातलं मला काही कळत नाही, आणि भयपट हा काही माझ्या आवडीचा प्रांत नव्हे. पण माणसं एखाद्या गोष्टीबद्दल काय म्हणतात आणि तसं का म्हणतात, हे ऐकण्याची खोड मात्र जुनी आहे. धड्यावर प्रश्न विचारला की चाळीस मुलांची चाळीस उत्तरं यायची. त्यातलं चुकीचं उत्तरसुद्धा त्या मुलाबद्दल पुष्कळ काही सांगून जायचं. चित्रपटावरच्या मतांचंही तसंच आहे.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही आणि पाहायचा आहे, त्यांनी पुढचं नंतर वाचावं. कथा सांगितल्याशिवाय मला माझं म्हणणं मांडता येणार नाही.

'नॉस्ट्रोमो' नावाचं एक मालवाहू यान खनिज घेऊन पृथ्वीकडे परत निघालेलं आहे. यानात सात माणसं आणि जोन्स नावाचं एक मांजर. यानाच्या संगणकाला सगळे 'मदर' म्हणतात. घर अजून खूप लांब असताना ही मदर सगळ्यांना दीर्घ झोपेतून उठवते, कारण कुठल्याशा ग्रहावरून एक संदेश आलेला असतो. जायची कोणाची इच्छा नसते. पण करारातच कलम असतं की असा संदेश आला तर तपास करायचा, नाही तर मोबदल्यातला वाटा गमवायचा. तिघं जण यानाबाहेर पडतात. त्यांच्यापैकी केन एका अंड्यात डोकावतो, आणि त्यातून निघालेला प्राणी त्याच्या शिरस्त्राणाची काच जाळून चेहऱ्यालाच चिकटतो.

आता नेहमीच्या तक्रारी आधी निकालात काढू.

पहिली तक्रार, "चित्रपट फार संथ आहे." ही माझ्या नातवाची. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात माणसं उठतात, जेवतात, कुरकुरतात. पार्कर आणि ब्रेट हे दोघे यंत्रं सांभाळणारे कामगार. आम्हाला इतरांपेक्षा वाटा कमी का, हेच त्यांचं टुमणं. नातू म्हणतो, हे कशाला दाखवायचं? मला तर हाच भाग फार आवडला. ही माणसं शूर वीर नाहीत, नोकरदार आहेत. पगार, बोनस, जेवणाची चव आणि घरी कधी पोचणार, एवढीच त्यांची काळजी. एस.टी.च्या डेपोत किंवा गिरणीच्या कँटीनमध्ये ऐकू यावं असंच त्यांचं बोलणं. पुढे त्यांच्यावर जे ओढवतं ते म्हणूनच अंगावर येतं. ओळखीच्या माणसाचं दुःख वेगळं लागतं.

दुसरी तक्रार, "माणसं मूर्ख आहेत. अनोळखी ग्रहावर अनोळखी अंडं दिसल्यावर कोणी त्यात तोंड घालतं का?" घालतं हो! कुतूहल ही काही मूर्खांचीच मक्तेदारी नाही. वर्गातली हुशार मुलंच प्रयोगशाळेत नको त्या बाटलीचं झाकण काढतात.

तिसरी तक्रार, "तो राक्षस नीट दिसतच नाही." हा राक्षस एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराच्या कल्पनेतून उतरला. चित्रपटाला दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर मिळालं. तरीही दिग्दर्शकाने तो प्राणी अंधारातच ठेवला. लहानपणी माजघरातल्या काळोखाची भीती वाटायची ती तिथे काही दिसत होतं म्हणून नव्हे. यापेक्षा जास्त उत्तर द्यायची गरज नाही.

चौथी तक्रार मांजराची. तिच्याकडे नंतर येतो.

पण खरा वाद आहे तो दाराचा. इतर तक्रारी म्हणजे आवडीनिवडी. दाराच्या बाबतीत मात्र माणसं आवाज चढवून बोलतात.

प्रसंग असा. कप्तान डॅलस आणि लॅम्बर्ट ही त्याची सहकारी केनला उचलून यानाच्या दाराशी आणतात. तोंडाला तो प्राणी चिकटलेला. आत रिप्ली आहे. कप्तान आणि त्याच्या खालचा केन हे दोघेही बाहेर असल्याने त्या घडीला यानाची जबाबदारी तिच्यावर. ती सांगते, नियमाप्रमाणे २४ तासांचं विलगीकरण केल्याशिवाय आत घेता येणार नाही. डॅलस म्हणतो, तेवढ्या वेळात तो मरेल, दार उघड. ती म्हणते, नियम मोडला तर आपण सगळेच मरू. कप्तान हुकूम सोडतो. ती हुकूम मानत नाही. इतक्यात विज्ञान अधिकारी ॲश एकही शब्द न बोलता कळ दाबतो आणि दार उघडतं.

पुढचं सगळं त्या उघडलेल्या दारातून येतं. केनला वाटतं आपण बरे झालो, तो भुकेने जेवायला बसतो, आणि मग भर जेवणात त्याची छाती फोडून दुसरा प्राणी बाहेर पडतो. हे दृश्य न पाहिलेल्यांनीही ऐकलेलं असतं.

आता प्रेक्षकांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, रिप्ली दगडाच्या काळजाची. समोर सहकारी मरतो आहे आणि ही नियमाचं पुस्तक वाचते आहे. चित्रपटातल्या लॅम्बर्टलाही तेच वाटतं. २००३ साली दिग्दर्शकाने पुन्हा संकलित केलेली जी आवृत्ती निघाली, त्यात आत आल्यावर ती रिप्लीच्या थोबाडीत मारते. दुसरा पक्ष म्हणतो, सगळ्या यानात शहाणी ती एकटीच. तिचं ऐकलं असतं तर चित्रपट अर्ध्या तासात संपला असता!

माझा एक मित्र पहिल्या पक्षातला. त्याचं बोलणं मी नीट ऐकलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्याचा राग नियमावर नव्हता, बाईने नियम सांगितला यावर होता. "बाईच्या जातीला जरा तरी पाझर फुटायला नको?" असं तो म्हणून गेला. गंमत अशी की या कथेतल्या भूमिका लिहितानाच पुरुष किंवा स्त्री कोणीही कराव्यात अशा लिहिलेल्या होत्या. मग रिप्लीचं काम सिगर्नी वीव्हर या तेव्हा फारशा माहीत नसलेल्या नटीकडे गेलं. तेच वाक्य पुरुषाने म्हटलं असतं तर माझा मित्र त्याला 'कर्तव्यकठोर' म्हणाला असता. बाईने म्हटलं म्हणून ती निष्ठुर. दार उघडणं हे बायकांचं काम, असं आपण गृहीतच धरलेलं असतं.

विलगीकरणाचा नियम काही चित्रपटासाठी रचलेला नव्हे. १९६९च्या जुलैमध्ये चंद्रावर पाऊल ठेवून आलेले आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन, आणि त्यांचे सोबती कॉलिन्स, हे त्या वेळी सगळ्या जगाचे लाडके होते. पण समुद्रातून जहाजावर आणल्यावर त्यांना कोणी मिठी मारली नाही. एका बंद गाडीवजा खोलीत त्यांना ठेवलं. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन स्वतः जहाजावर आले होते, ते खिडकीच्या काचेतून बोलले. तिघांचं विलगीकरण २१ दिवसांचं होतं. चंद्रावरून काही जंतू आले नाहीत, हे नंतर कळलं. अपोलो १४ नंतर तो नियम काढूनही टाकला.

मग ते २१ दिवस फुकट गेले का? बरेच जण म्हणतील, हो. इथेच नियम सांगणाऱ्या माणसाची गोची आहे बघा. नियम मोडल्यामुळे जे घडतं ते सगळ्यांना दिसतं. नियम पाळल्यामुळे जे टळतं ते कोणालाच दिसत नाही. दार न उघडणाऱ्याच्या नावावर कधी काही जमा होत नाही. त्याच्या वाट्याला फक्त थोबाडीत येते.

हे मी एवढ्या खात्रीने लिहितो त्याला कारण आहे. २०२०च्या मे महिन्यात माझा पुतण्या मुंबईहून बायको आणि लहान मुलीला घेऊन गावी आला. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. मुंबईत कोरोनाचा कहर चाललेला. चाकरमान्यांनी १४ दिवस गावच्या शाळेत राहायचं असं ठरलेलं होतं. घरात माझी वहिनी, म्हणजे त्याची आई, तेव्हा ऐंशीच्या घरातली आणि दम्याची. ती म्हणाली, "भाऊजी, पोर उन्हातून आलंय, घरात घ्या. कोण बघतंय?" गावच्या समितीतल्या लोकांना मी शिकवलेलं. मी शब्द टाकला असता तर कदाचित कोणी आडवं आलं नसतं. मी शब्द टाकला नाही. पुतण्या, सून आणि ती चिमुरडी शाळेत राहिली. त्याच शाळेत मी कधी काळी फळ्यावर बाराखडी लिहिली होती. दोन वेळचा डबा मी फाटकापाशी ठेवून मागे सरायचो, मग तो पुढे येऊन उचलायचा. नात लांबूनच हात हलवायची. चौदा दिवस वहिनी माझ्याशी बोलली नाही.

कोणाला काही झालं नाही. म्हणजे ते आजारी नव्हतेच, की होते आणि चौदा दिवसांत बरे झाले? हे सांगायला आज कोणताच मार्ग नाही. त्या निर्णयाचा मला पश्चात्ताप नाही, पण त्याचं समाधानही कधी मिळायचं नाही. नियम पाळणाऱ्याला हे असंच राहावं लागतं.

नातवाने घरी हा चित्रपट लावला तेव्हा वहिनी जपमाळ घेऊन बाजूलाच बसली होती. दाराचा प्रसंग आला, तिने विचारलं काय चाललंय. मी दोन वाक्यांत सांगितलं. ती पडद्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे तुमच्यासारखीच की हो ही, भाऊजी!" मी या चित्रपटावर जेवढी मतं ऐकली त्यात हे मला सगळ्यात खरं वाटलं. ती रागाने म्हणाली की कौतुकाने, ते मी विचारलं नाही.

आता कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही नियमाचीच तळी उचलताय. तसं नाही. इतिहास शिकवलेला माणूस तसं म्हणूच शकत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, साथरोग कायदा त्याच वर्षी झाला, आणि रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत घुसले. घरातलं सामान बाहेर काढून जाळलं, बायाबापड्यांची अब्रू पाहिली नाही. पुढे २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. तिथेही नियमच होता, पण ज्यांच्यासाठी तो केला त्यांना माणूस न मानता राबवलेला. नियमामागे माणसाची काळजी नसेल तर तो नुसता दंडुका.

आणि त्याच साथीत, त्याच पुण्याजवळ, सावित्रीबाई फुले होत्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी गावाबाहेर मोकळ्या जागी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या एका आजारी पोराला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तिथे नेलं, त्यात त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. या गोष्टीत मला एक बारीकशी बाब फार मोलाची वाटते. त्यांनी त्या मुलाला वाऱ्यावर सोडलं नाही, आणि भर वस्तीतही आणलं नाही. गावाबाहेरच्या दवाखान्यात नेलं. म्हणजे दयाही होती आणि विलगीकरणही होतं. जो काही धोका होता तो त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला.

माझ्या मते फरक इथे आहे. दया खरी की खोटी हे दार उघडतंय की बंद राहतंय यावर ठरत नाही. धोका कोण सोसणार आहे यावर ठरतं. डॅलस भला माणूस आहे, सहकाऱ्यासाठी त्याचा जीव तुटतो, पण त्याची दया आतल्या सगळ्यांच्या जिवावर आहे आणि त्यांना त्याने विचारलेलं नाही.

आणि ज्याने प्रत्यक्ष कळ दाबली तो ॲश? तो तर माणूसच नाही. तो यंत्रमानव आहे हे पुढे उघड होतं. त्याला कंपनीचा गुप्त हुकूम असतो की हा प्राणी काही करून परत आणायचा, त्यापायी यानातली माणसं गेली तरी चालतील. म्हणजे पाहा, सगळ्या प्रसंगात जो सर्वांत दयाळू दिसला, त्याच्या मनात दया नव्हतीच. आणि जी दगडासारखी दिसली, तीच सगळ्यांच्या जिवाचा विचार करत होती. मला चित्रपटातला खरा भयाचा क्षण छाती फुटण्याचा वाटत नाही. रिप्ली मदरसमोर बसते आणि तिला कंपनीचा तो हुकूम वाचायला मिळतो, तो क्षण वाटतो. तो दातांचा राक्षस निदान भुकेला तरी असेल. हुकूम लिहिणाऱ्याला तर यातल्या एकाचंही नाव माहीत असण्याची गरज नव्हती. वाट्यासाठी कुरकुरणारे पार्कर आणि ब्रेट त्या कागदावर खर्ची पडलेले होते, आणि ते बिचारे बोनसचा हिशेब करत होते.

आपल्याकडेही कोणी फार गोड बोलून नियम बाजूला सारायला लागलं की मी आधी हेच बघतो. "चालतंय हो, एकदा काय होतंय" असं म्हणणाऱ्याचं स्वतःचं त्यात काय पणाला लागलं आहे? काहीच नसेल, तर ती दया नव्हे.

राहिली मांजराची तक्रार. सगळे जण रिप्लीला हसतात. यान काही मिनिटांत फुटणार, राक्षस मोकाट, आणि ही बाई जोन्सची पेटी सांभाळते! माझ्या नातवाला हे अतिशय वेडेपणाचं वाटतं. मला मात्र या चौथ्या तक्रारीतच पहिल्या पक्षाला उत्तर सापडतं. जिला दगडाच्या काळजाची म्हणालात, तीच बाई सगळे सहकारी गेल्यावर, यानाच्या स्फोटाची घटका भरत आलेली असताना, वाटेत टाकलेली मांजराची पेटी परत जाऊन उचलते. त्या वेळी तिथे दुसरं कोणीच उरलेलं नाही. धोका आहे तो तिच्या एकटीच्या जिवाला. तो घ्यायला ती तयार आहे. दाराशी धोका सगळ्यांना होता, म्हणून ती तयार नव्हती. बाई तीच, काळीज तेच.

तेव्हा 'एलियन' पाहून रिप्ली चूक की बरोबर असा वाद तुमच्या घरात झाला, तर एक प्रश्न जरूर विचारून पाहा. दाराच्या आत तुमची म्हातारी आई असती आणि बाहेर तुमचा मुलगा असता, तर तुम्ही काय केलं असतं? लगेच उत्तर देणाऱ्यावर मी फारसा विश्वास ठेवणार नाही. ज्याला उत्तर द्यायला वेळ लागेल, दाराची कळ मी त्याच्या हाती देईन.